मेस बसलीय, पेशंटच्या डब्यांवर भागेल का?

पेठेतला_खानावळवाला (एप्रिल 2021)
पुण्यात नवी पेठेत मेस आहे, गिऱ्हाईक सगळं एमपीएससीची पोरं. मागच्या वर्षी लॉकडाऊन लागला नि पोरं गावाला पळाली, 5 ऑक्टोबरला बसून खायची परवानगी आली तोवर कुलूपच. मग हळूहळू 70 मेंबर झाले. 14 मार्चची परीक्षा ढकलली तेव्हा पोरं रस्त्यावर उतरलेली, ती 21 ला झाली, मग 11 एप्रिलची पण ढकलली आणि आता परत फक्त पार्सल. आज 9 मेंबर आहेत. बायको म्हणते होम क्वारंटाईनवाल्या कोरोना पेशंटना डबे दे, दोन घरी चालू पण केलेत. पण स्टीलचा डबा परत आणायची भीती वाटते आणि प्लॅस्टिकच्या कंटेनरलाच 12-15 रुपये जातात, मेसच्या रेटमध्ये बसतच नाही. कुणी केलंय का हे?

नाशिकचा_आचारी
मेसच्या रेटमध्ये बसवताच कशाला? मेंबर महिनाभर असतो, पेशंट 14 दिवसांत बरा होऊन जातो, म्हणजे रोज नवीन गिऱ्हाईक शोधायचं. कंटेनरचे पैसे धरूनच रेट सांगा. आमचं लग्नाचं काम, आता लग्नाला 25 माणसं नि 2 तासांचीच परवानगी, पंगत कसली मांडणार. मी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेनू टाकतो, रात्री 9 पर्यंत ऑर्डर, पैसे आधी, आणि जेवढ्या ऑर्डर तेवढीच कणीक भिजवायची. फुलके फॉइलमध्ये. वरण पिशवीत अजिबात देऊ नका, आमचं एकदा लिफ्टभर सांडलं आणि ती सोसायटीच गेली हातातून. आणि हो, पेशंटला चव नसते तरी मीठ कमी म्हणून फोन येतोच.

देवगडवाला
दादा, रेटपेक्षा पेट्रोल बघा. मागच्या एप्रिलात वाशीच्या मार्केटला माल पाठवायचे वांधे झाले तेव्हा आम्ही हापूसच्या पेट्या थेट पुण्यात सोसायट्यांच्या गेटवर उतरवल्या. पहिल्या खेपेला एक पेटी कोथरूडला नि एक हडपसरला असं केलं आणि भाड्यातच मेलो. मग नियमच केला, एका गेटवर 20 पेट्या भरल्याशिवाय टेम्पो हलणार नाही. बाकीच्यांना गोळा करायचं काम सोसायटीतल्या काकूच करतात, त्यांना पेटीमागे थोडं सोडायचं.

गाळा_नं_6
कर्ज असेल तर जपून. मागच्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत मी घेतली, व्याजाचं मीटर चालूच होतं, आता मुदत वाढून बसलीय. त्यापेक्षा जागामालकाशी बोला, अर्धं भाडं घेतो का बघा, गाळा रिकामा पडण्यापेक्षा त्यालाही परवडतं.

पेठेतला_खानावळवाला
थँक्यू सगळ्यांना. रात्री हिशोब घातला, कंटेनर धरून 90 रुपये डबा, 7 दिवसांचे पैसे आधी. एरंडवणे ते दांडेकर पूल एवढंच करतो, पलीकडे नाही. मालक अजून फोन उचलत नाहीये. त्या 9 पोरांना मात्र जुन्याच रेटने जेवायला घालणार, दोघांचं फेब्रुवारीचं अजून बाकी आहे पण काय बोलणार. मिठाचं आजच ऐकून घेतलं, दोन घरांपैकी एकाचा फोन आलाच.