'पासून'ला सिन्स कधी, फॉर कधी?

प्रश्न : दहावीला इंग्रजी शिकवते. 'मला तीन दिवसांपासून ताप आहे' दिलं की निम्मा वर्ग 'आय हॅव फीवर सिन्स थ्री डेज' लिहून मोकळा होतो. नियम विचारला तर धडाधड सांगतात : सुरुवातीची वेळ असेल तर सिन्स, कालावधी असेल तर फॉर. लिहिताना मात्र 'पासून' दिसलं की सिन्सच. मराठीतूनच पकडता येईल अशी खूण आहे का?

प्रतिसाद : 'पासून' काढून पाहायला सांगा. 'तीन दिवस ताप आहे' हे चालतं, तिथे फॉर. 'सोमवार ताप आहे' असं कुणी म्हणत नाही, तिथे सिन्स. 'बऱ्याच दिवसांपासून', 'दहा वर्षांपासून' यांतलं 'पासून' सहज गळतं. 'सकाळपासून', 'लहानपणापासून', 'लग्न झाल्यापासून' यांतलं गळत नाही.

प्रतिसाद : युक्ती झकास. पण 'गेल्या आठवड्यापासून'चं काय? 'गेला आठवडाभर ताप आहे' असंही म्हणतोच की आपण.

प्रतिसाद : म्हणतो, पण 'भर' जोडून. तेव्हा अर्थही सरकतो : ताप कधी सुरू झाला हे सांगायचं असेल तर 'सिन्स लास्ट वीक', किती दिवस टिकलाय हे सांगायचं असेल तर 'फॉर द पास्ट वीक'. दोन्ही बरोबर. चुकतं ते 'सिन्स वन वीक'.

प्रतिसाद : सगळे सिन्स-फॉरवर तुटून पडलेत, खरी गोम क्रियापदात आहे. आपण 'आहे', 'राहतो' असा साधा वर्तमानकाळ वापरतो. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ लागतो : 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज'. फॉर बरोबर घालून 'आय हॅव फीवर फॉर थ्री डेज' लिहिलं तरी वाक्य लंगडंच. रजेच्या अर्जातलं 'आय ॲम सफरिंग सिन्स यस्टर्डे' घ्या. सिन्स अगदी योग्य, तरी 'हॅव बीन सफरिंग' हवं. आणि 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणालात तर समोरचा समजणार, नोकरी सुटली.

प्रतिसाद : जर्मन माणसाचंही हेच होतं. त्याच्या 'झाइट'मध्ये सिन्स आणि फॉर दोन्ही येतात, आणि क्रियापद वर्तमानकाळीच. तेव्हा पोरांना फार रागावू नका.

प्रश्न : 'सोमवारपासून शाळा सुरू होणार' यात 'पासून' गळत नाही. मग सिन्स?

प्रतिसाद : नाही, फ्रॉम. युक्ती लावायची ती मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीलाच. 'नऊपासून पाचपर्यंत', 'पुण्यापासून वीस किलोमीटर' इथेही फ्रॉमच. आणि 'तीन दिवसांपूर्वी ताप आला' यात 'पासून' नाहीच : 'थ्री डेज अगो', साधा भूतकाळ. मुलं 'बिफोर थ्री डेज' लिहितात, तेही आताच खोडून काढा.