लहान बेटांपैकी स्वतंत्र देश कोणते धरावेत?

प्रश्न (तिकीटसंग्राहक) :
मी टपाल तिकिटांचा संग्रह देशवार लावत आहे आणि लहान बेटांपाशी येऊन हात थांबला आहे. समोर तीन तिकिटे आहेत. एकावर नाउरू, दुसऱ्यावर कुक बेटे आणि तिसऱ्यावर टोकेलाऊ असे ठळक छापलेले आहे. नाउरूचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर असूनही सगळे त्याला देश मानतात. कुक बेटांना स्वतःची संसद आणि पंतप्रधान असूनही काही याद्यांत ती स्वतंत्र सापडतात, तर काहींत न्यूझीलंडच्या खाली. एक यादी १९३ नावांची आहे, दुसरी २४९ नावांची. कोणता निकष लावावा? मनाला येईल तशी पाने करायची नाहीत, कारण आपल्याला देश म्हटले जाते की नाही ही तिथल्या लोकांच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही.

प्रतिसाद (अक्षांश) :
२४९ नावांची यादी आधी बाजूला ठेवा. ती आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या सांकेतांकांची आहे. मनुष्यवस्ती नसलेल्या बुव्हे बेटालाही तिथे संकेत मिळालेला आहे, त्यामुळे देश ठरवायला तिचा उपयोग नाही. १९३ हा संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांचा आकडा आहे आणि तो पुष्कळ भरवशाचा आहे, पण सदस्यत्व ही देश असण्याची अट नव्हे. नाउरू १९६८ साली स्वतंत्र झाला आणि १९९९ मध्ये सदस्य झाला. मधली ३१ वर्षे तो देशच होता. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात चार कसोट्या आहेत : कायम लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. आकाराचा त्यात उल्लेख नाही, आणि तो नसावा हेच मला योग्य वाटते.

प्रतिसाद (प्रवाळ) :
खरी अडचण चौथ्या कसोटीपाशी येते. टोकेलाऊचे उत्तर सरळ आहे, कारण तो न्यूझीलंडच्या ताब्यातील प्रदेश आहे. २००६ आणि २००७ मध्ये तिथे स्वयंशासनासाठी सार्वमत घेतले गेले. दोन्ही वेळा बहुमत बाजूने पडले, पण ठरवलेली दोन-तृतीयांशाची मर्यादा गाठता आली नाही, म्हणून स्थिती जशीच्या तशी राहिली. कुक बेटे १९६५ पासून आणि निउए १९७४ पासून न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाच्या नात्यात आहेत, म्हणजे कारभार स्वतःचा, पण मोठ्या देशाशी स्वेच्छेने जोडलेले. दोघेही स्वतःच्या नावाने करार करतात आणि दोघेही जागतिक आरोग्य संघटनेचे सदस्य आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेने दोघांना सार्वभौम राज्य म्हणून मान्यता दिली. माझ्या मते या दोघांना स्वतंत्र पान द्यावे.

प्रतिसाद (क्षितिजरेषा) :
येथे मी थोडी असहमत आहे. कुक बेटांचे लोक न्यूझीलंडचे नागरिक असतात आणि त्याच देशाच्या पासपोर्टवर प्रवास करतात. वेगळे नागरिकत्व आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व हवे असेल, तर आधी पूर्ण स्वातंत्र्य घ्यावे लागेल, अशी न्यूझीलंडची भूमिका आहे. पलाऊशी तुलना करून पाहा. त्याचेही अमेरिकेशी मुक्त सहयोगाचे नाते आहे, संरक्षणाची जबाबदारी अमेरिकेची आहे आणि चलनही अमेरिकी डॉलर आहे. पण नागरिकत्व पलाऊचे स्वतःचे आहे आणि १९९४ पासून तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. नाव एकच असलेल्या दोन नात्यांत एवढे अंतर असेल, तर अल्बममध्येही ते दिसले पाहिजे. कुक बेटे आणि निउए यांना स्वतंत्र पान जरूर द्या, परंतु शीर्षकाखाली ‘न्यूझीलंडशी मुक्त सहयोग’ एवढे लिहून ठेवा.

प्रश्नकर्ता :
हे पटले. मात्र अरूबाच्या तिकिटांचे काय करावे? अरूबाला ‘देश’ म्हणतात असे अनेक ठिकाणी वाचले आहे, आणि ऑलिंपिकमध्येही त्याचा स्वतंत्र संघ उतरतो.

प्रतिसाद (अक्षांश) :
ऑलिंपिकवरून काहीच ठरवू नका, कारण अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्तो रिकोचाही वेगळा संघ असतो. अरूबाच्या बाबतीत घोळ शब्दामुळे होतो. नेदरलँड्सच्या राज्यात चार घटक आहेत : नेदरलँड्स, अरूबा, क्युरासाओ आणि सिंट मार्टेन. तिथल्या कायद्यात चौघांनाही ‘देश’ हाच शब्द वापरला जातो, परंतु परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण समाईक राज्याकडे असते. म्हणून अरूबाचे पान नेदरलँड्सच्या विभागात लावावे. तुमच्याकडे ‘नेदरलँड्स अँटिलिस’ असे छापलेली जुनी तिकिटेही असतील. अरूबा १९८६ मध्ये त्यातून वेगळा झाला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तो घटकच विसर्जित झाला, तेव्हा ती तिकिटे आजच्या कोणत्याही बेटाच्या नावाखाली न घालता त्यांच्या मूळ नावाच्याच पानावर ठेवा.