मदत हवी आहे: व्हॅलोरंटसाठी हलका वायरलेस माउस कोणता घेऊ?

मंडळी, मी इंदूरचा, रामबागेत राहतो. रोज रात्री व्हॅलोरंट (ऑनलाइन नेमबाजीचा गेम) खेळतो. जुना वायरवाला माउस जड आहेच, शिवाय आता एका क्लिकचे दोन क्लिक करतोय.

दोन नावांवर गाडी अडकलीय: लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट (६३ ग्रॅमच्या आत) आणि रेझरचा व्हायपर व्ही२ प्रो (५८ ग्रॅम). पाच ग्रॅमचा फरक हाताला खरंच कळतो का? माझा पंजा मोठा, सगळा तळवा माउसवर टेकवून खेळायची सवय, त्यामुळे वजनापेक्षा आकाराचीच धास्ती जास्त. व्हायपर बुटका आहे म्हणतात. ४००० हर्ट्झ पोलिंगचं, म्हणजे माउसने सेकंदाला ४००० वेळा कॉम्प्युटरला खबर देण्याचं, मला कौतुक नाही. १००० हर्ट्झला एक मिलिसेकंद लागतो, मुंबईच्या सर्व्हरचा पिंग (सिग्नल जाऊन परत यायचा वेळ) त्याच्या कितीतरी पट. वर ४००० ला बॅटरी लवकर उतरते ती वेगळीच.

जेल रोडला विचारलं, तर दुकानदार डबा उघडायलाच तयार नाही. ‘भैया, सील नहीं टूटेगी.’

इंदुरात कोणाकडे यातला एखादा असेल तर पाच मिनिटं हातात धरू द्याल का? पोहे-जिलबी माझ्याकडून. आणि मे महिन्यात घामेजल्या हातातून कोणता सटकत नाही, तेही सांगा.