मदत हवी आहे: पोटॅशियमचा 19वा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो?

नमस्कार मंडळी, भाची नववीत आहे, मराठी माध्यम, तिला इलेक्ट्रॉन संरूपण (अणूच्या कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते आतून बाहेर क्रमाने) शिकवतोय आणि एका जागी गाडी अडलीय. 2n² च्या सूत्राने (n म्हणजे कवचाचा क्रमांक) तिसऱ्या म्हणजे M कवचात 18 इलेक्ट्रॉन मावतात, मग अर्गॉन 2, 8, 8 झाल्यावर पोटॅशियमचं 2, 8, 9 का नाही, 2, 8, 8, 1 का, असं ती विचारते आणि प्रश्न अगदी रास्त आहे.

शेवटच्या कवचात 8 च्या वर इलेक्ट्रॉन नसतात हा नियम सांगून झाला. सोडियमसारखीच संयुजा 1 आहे हेही दाखवलं. पहिला इलेक्ट्रॉन काढायला अर्गॉनला 1521 आणि पोटॅशियमला फक्त 419 किलोज्यूल प्रति मोल लागतात, म्हणजे तो नवा इलेक्ट्रॉन लांब आणि सैल धरलेला आहे, हे तिला पटलंसुद्धा. पण तिने पुढचा तक्ता बघितला आणि कॅल्शियम 2, 8, 8, 2 नंतर स्कँडियम एकदम 2, 8, 9, 2! म्हणजे चौथ्यात दोन भरले की परत मागे तिसऱ्यात भरायला सुरुवात, हे कशामुळे, ते मला तिच्या भाषेत सांगता येत नाहीये.

4s, 3d वालं उत्तर मला माहितीये, पण तिला s, p, d, f ही कवचांच्या आतली उपकवचं अजून शिकवलेली नाहीत आणि 'पुढच्या वर्षी कळेल' म्हणून तिला गप्प बसवायचं नाहीये, इतका चांगला प्रश्न विचारलाय तिने. व्हिडिओ सुचवलात तर मराठीच हवा. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल तर उपकवचांचं नाव न घेता, पण पुढे जाऊन खोटं ठरणार नाही असं, हे नववीच्या मुलांना कसं समजावता?