पीएमआयसीचा जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणताना आलेल्या अडचणी, आणि पुढे तो सांभाळायचा कोणी?

विहीरनोंद (वाळूज, छत्रपती संभाजीनगर) यांचा प्रश्न

नमस्कार. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पाच जणांचा लहान उद्योग आहे. विहिरी आणि कूपनलिकांमधील पाण्याची पातळी दर तासाला नोंदवून ती मोबाइल नेटवर्कवरून पाठवणारे यंत्र आम्ही बनवतो. पैठण, गंगापूर आणि अंबड या तालुक्यांत मिळून अशी दीडशेच्या आसपास यंत्रे उभी आहेत. प्रत्येकात लिनक्सवर चालणारा बोर्ड, एक लिथियम-आयन सेल, छोटे सौर पॅनेल आणि या सगळ्यांच्या मधोमध बसलेली पॉवर मॅनेजमेंट चिप, म्हणजे पीएमआयसी, आहे. प्रोसेसर, मेमरी, ईएमएमसी (कायमची साठवण) आणि मोडेम यांना लागणारे वेगवेगळे व्होल्टेज हीच चिप पुरवते, सेल चार्ज करते, घड्याळ चालवते आणि पॉवरचे बटणही तीच वाचते.

चिपसोबत पुरवठादाराकडून ४.९ कर्नलसाठी (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा कोड, मिळाला होता. ४.९ ची दीर्घकालीन देखभाल जानेवारी २०२३ मध्ये संपली, म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहाव्यात यासाठी आम्ही ६.६ वर जायचे ठरवले. जुना ड्रायव्हर तिथे कंपाइलच होईना, कारण आय-टू-सी (चिपशी बोलण्याची दोन तारांची बस) ड्रायव्हरांच्या प्रोब आणि रिमूव्ह, म्हणजे ड्रायव्हर जोडण्याच्या आणि काढण्याच्या, फंक्शनांची रूपे मधल्या काळात बदलली आहेत. ती दुरुस्ती मी केली आणि इतर ड्रायव्हर वाचून रजिस्टरांचा, म्हणजे चिपमधील नोंदकप्प्यांचा, व्यवहार रेगमॅप या कर्नलमधील सामायिक सोयीवर नेला. आता बोर्ड बूट होतो, परंतु सुमारे अर्ध्या मिनिटाने कोणताही संदेश न देता बंद पडतो. पुरवठादाराच्या कर्नलवर असे कधीही झाले नव्हते. याखेरीज, बंद करण्याची आज्ञा दिल्यावर लिनक्स थांबते पण चिप वीज तोडत नाही, त्यामुळे सकाळपर्यंत सेल उतरलेला असतो. सेलचा व्होल्टेजही बूट होताना जो वाचला गेला तोच नंतर दिसत राहतो.

या अडचणी सुटल्यावरचा प्रश्न मला अधिक मोठा वाटतो. हा ड्रायव्हर आम्ही आमच्याजवळच ठेवावा, की मुख्य कर्नलमध्ये द्यावा? दिला तर मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारा, म्हणून माझे नाव लागेल. पाच जणांच्या उद्योगाला ती जबाबदारी पेलेल का, हे मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचे आहे.

गोदाकाठ (नांदेड) यांचे उत्तर

अर्ध्या मिनिटाचा उल्लेख तुम्ही केलात, त्यामुळे निदान सोपे झाले. बूट पूर्ण झाल्यावर रेग्युलेटर फ्रेमवर्कचा, म्हणजे कर्नलमधील वीजपुरवठे सांभाळणाऱ्या भागाचा, गाभा ३० सेकंद थांबतो आणि त्यानंतर, ज्या पुरवठ्यावर कोणत्याही ड्रायव्हरने हक्क सांगितलेला नाही आणि जो कायम सुरू ठेवावा असे डिव्हाइस ट्रीत (कर्नलला बोर्डची रचना सांगणाऱ्या फायलीत) लिहिलेले नाही, तो वापरात नाही असे समजून बंद करतो. वीज वाचवण्यासाठी हे योग्यच आहे. मात्र तुमच्या बोर्डवर अशा बेवारस ठरलेल्या पुरवठ्यांपैकी एखाद्यावर मेमरी चालत असली, तर पुरवठा तुटल्यावर प्रोसेसरला तक्रार नोंदवायलाही जागा उरत नाही, आणि म्हणूनच संदेश येत नाही. पुरवठादाराच्या ड्रायव्हरमध्ये पुरवठा बंद करण्याचे फंक्शनच दिलेले नसावे, एकदा पाहून घ्या. तसे असेल तर ही उणीव तिथे इतकी वर्षे झाकलेली होती.

खात्री करण्यासाठी कर्नलच्या बूट ओळीत ‘रेग्युलेटर-इग्नोर-अनयूज्ड’ हा पर्याय द्या; ६.६ मध्ये तो नसेल, तर त्याचा पॅच नव्या कर्नलमधून आणावा लागेल. बोर्ड तग धरून राहिला, तर डीबग-एफएसमधील (कर्नलची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधील) रेग्युलेटरांचा गोषवारा उघडा आणि वापरकर्त्यांची संख्या शून्य असलेल्या ओळी बोर्डच्या सर्किट आकृतीशी ताडून पाहा. तो पर्याय फक्त तपासणीपुरता आहे, शेतातल्या यंत्रांवर तो कृपया ठेवू नका.

दुसरी विनंती अशी की, घाईने सगळ्याच पुरवठ्यांना ‘ऑल्वेज-ऑन’, म्हणजे कायम सुरू ठेवण्याची खूण, लावू नका. मेमरीला स्वतःचा ड्रायव्हर नसल्यामुळे तिथे ते लावणे बरोबर आहे. ईएमएमसीच्या बाबतीत तिच्या नोंदीत पुरवठ्याचा संदर्भ दिला पाहिजे, म्हणजे तिचा ड्रायव्हर स्वतःच हक्क सांगेल. मोडेमचा पुरवठा तर बंद होता यायलाच हवा, कारण तासातून एकदाच बोलणाऱ्या यंत्रात सेलचे आयुष्य त्यावरच ठरते.

सेलचा व्होल्टेज न बदलण्याचे कारण बहुधा रेगमॅपच्या कॅशेत, म्हणजे वाचलेल्या किमतींच्या साठ्यात, आहे. ज्या रजिस्टरांची किंमत चिप स्वतः बदलते, म्हणजे एडीसीची (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाची) मोजमापे, स्थिती आणि इंटरप्टच्या नोंदी, ती सर्व ‘व्होलाटाइल’ म्हणून जाहीर करावी लागतात. नाहीतर पहिल्यांदा वाचलेली किंमतच पुन्हा पुन्हा परत मिळते.

माळरान (धाराशिव) यांचे उत्तर

वीज न तुटण्याबद्दल लिहितो, कारण याच दुखण्याने माझे दोन आठवडे घेतले होते. बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात कर्नल इतर कोर थांबवते आणि इंटरप्ट बंद करते. ‘आता वीज तोड’ ही आज्ञा मात्र पीएमआयसीला आय-टू-सी बसवरूनच जायची असते, आणि बहुतेक आय-टू-सी कंट्रोलरांचे ड्रायव्हर एकेक बाइट पोहोचल्याचे इंटरप्टवरूनच ओळखतात. आज्ञा निघते, पण ती पुरी झाल्याची खूण येतच नाही. यासाठी कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये इंटरप्टविना, पोलिंगने चालणारे वेगळे ‘ॲटॉमिक’ फंक्शन असावे लागते. ते नसेल तर शेवटच्या क्षणी सिरीयल कन्सोलवर तशी सूचना उमटते. कन्सोलची वायर जोडून एकदा शेवटपर्यंत पाहा, म्हणजे दोष पीएमआयसीच्या ड्रायव्हरमध्ये आहे की बसच्या, हे स्पष्ट होईल.

पुरवठादाराच्या ड्रायव्हरमध्ये वीज तोडण्याचे फंक्शन एका जागतिक पॉइंटरमध्ये टाकलेले असेल. त्याऐवजी सिस्-ऑफ हँडलरची, म्हणजे बंद होताना कर्नलने बोलवायच्या फंक्शनची, नोंदणी करा. तिथे प्राधान्यक्रम देता येतो आणि ड्रायव्हर काढला की नोंदणीही निघून जाते. एक गोष्ट आणखी तपासा. काही चिप बाहेरचा पुरवठा जोडलेला असताना बंद होऊन लगेच पुन्हा सुरू होतात. तुमच्याकडे सौर पॅनेल आहे, म्हणून ही चाचणी दिवसा आणि रात्री अशी दोन्ही वेळा घ्या.

विहीरनोंद

गोदाकाठ सर, आपले निदान तंतोतंत खरे ठरले. मेमरीचा पुरवठा डिव्हाइस ट्रीत कोणाच्याच नावे नव्हता, आणि पुरवठादाराच्या ड्रायव्हरमध्ये पुरवठा बंद करण्याचे फंक्शन खरोखरच नाही. व्होल्टेजही आता खरा दिसतो. तो खरा दिसू लागल्यावर लक्षात आले की दुपारी चार्जिंग चालूच राहते. जुन्या ड्रायव्हरमध्ये सेलच्या तापमानाची तपासणी बंद केलेली आहे. ती सुरू असताना मे महिन्यात चार्जिंग थांबते अशा तक्रारी शेतकऱ्यांकडून येत असल्यामुळे आम्हीही ती तशीच राहू दिली होती.

पूर्णातीर (परभणी) यांचे उत्तर

आधी या शेवटच्या गोष्टीबद्दल, कारण ती सर्वांत तातडीची आहे. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत असे त्यांचे उत्पादकच सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात हवेचेच तापमान ४० च्या पुढे जाते, मग उन्हात उभ्या असलेल्या बंद पेटीच्या आत काय होत असेल याचा विचार करा. थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) पाहून चिप चार्जिंग थांबवते, ते सेल फुगू नये आणि पेट घेऊ नये म्हणून. ती तपासणी पुन्हा सुरू करा, चार्जिंग थांबल्याचे कारण ‘ओव्हरहीट’ असे पॉवर सप्लायच्या माहितीत दिसू द्या, आणि तक्रारीचा उपाय पेटीची सावली, रंग आणि हवा खेळण्याची जागा यांत शोधा. ड्रायव्हरने ही गोष्ट लपवली तर ती दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

आता मेंटेनर होण्याविषयी. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचा ड्रायव्हर ज्या बदलामुळे कंपाइल होईना, त्याचेच उदाहरण घ्या. रिमूव्ह फंक्शनने काही परत करू नये, हा बदल २०२२ साली झाला आणि तो करणाऱ्यांनी कर्नलमधले सगळे आय-टू-सी ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त करून दिले. तुमचा ड्रायव्हर बाहेर होता, म्हणून तो भार तुमच्यावर आला. कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते, त्यामुळे बाहेर ठेवलेल्या ड्रायव्हरच्या मागे हा भार कायमचा लागतो.

आत दिलेल्या ड्रायव्हरचा भार वेगळा असतो. तुमची चिप एकच असली तरी पॅच, म्हणजे कोडमधील बदल, अनेक दारांनी जातात. डिव्हाइस ट्रीचे वर्णन वायएएमएल स्वरूपात, मूळ ड्रायव्हर एमएफडी (अनेक कामे करणाऱ्या चिपांच्या) विभागात, व्होल्टेजचा भाग रेग्युलेटर विभागात, चार्जिंगचा पॉवर सप्लायमध्ये आणि घड्याळ आरटीसी (घड्याळांच्या) विभागात जाते. प्रत्येक विभागाचा मेंटेनर निराळा असतो, आणि पॅच स्वीकारायचा की नाही हे तोच ठरवतो. तुम्ही या चिपचे जाणकार म्हणून मेंटेनर्स नावाच्या फाइलमध्ये नोंदले जाता. एखाद्याने त्या फायलींना हात लावला की पॅच तुमच्या टपालात येतो, आणि तो खऱ्या बोर्डवर चालतो का, हे सांगणे तुमचे काम असते.

हे काम लहान वाटते, पण त्यात जोखीम आहे. समजा एखाद्या पुरवठ्याची सुरुवात ७०० मिलिव्होल्टपासून आहे आणि प्रत्येक पायरी २५ मिलिव्होल्टची आहे. कोणी सद्हेतूने कोड नीटनेटका करताना ती पायरी २० लिहिली, तर १.२ व्होल्ट मागितल्यावर कोड पंचविसावी पायरी निवडेल आणि प्रोसेसरला प्रत्यक्षात १.३२५ व्होल्ट मिळतील. कंपायलर यावर काही बोलणार नाही. पॅच वाचणाऱ्या इतरांकडे डेटाशीट नसेल, तर त्यांच्याही ध्यानात येणार नाही. तुमच्या टेबलावर मल्टिमीटर आहे, म्हणून ते तुमच्याच लक्षात येईल. मेंटेनरचे मोल मी यातच मानते. चिपच्या प्रत्येक आवृत्तीचा एक बोर्ड टेबलावर जोडून ठेवा आणि कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीचा पहिला आरसी, म्हणजे चाचणीसाठीची पूर्वआवृत्ती, आला की बूट, बंद करणे, चार्जिंग आणि सर्व पुरवठ्यांचे व्होल्टेज तपासा. माझ्या अनुभवात याला दर वेळी अर्धा दिवस लागतो.

नावे ठरवताना मात्र घाई करू नका. डिव्हाइस ट्रीतील ‘कंपॅटिबल’, म्हणजे कोणती चिप आहे हे सांगणारे नाव, एकदा गेले की ते वचन ठरते, कारण जुनी डिव्हाइस ट्री घेऊन उभे असलेले यंत्र नव्या कर्नलवरही चालले पाहिजे. तिथे चिपचे नेमके नाव द्या, तुमच्या यंत्राचे नको, आणि चिपची आवृत्ती प्रोबमध्ये ओळख-रजिस्टरातून वाचा.

मेंटेनर्स फाइलमध्ये स्थितीचाही रकाना असतो. हे काम करण्याचा पगार कोणाला मिळत असेल तर ‘सपोर्टेड’ लिहितात, कोणी प्रत्यक्ष लक्ष देत असेल तर ‘मेंटेन्ड’, आणि फारसा वेळ नसेल तर ‘ऑड फिक्सेस’. जे खरे असेल तेच लिहा. पुढे उद्योगाने चिप बदलली, तर नाव काढण्याचा किंवा दुसऱ्याकडे सोपवण्याचा पॅच पाठवा. यात कोणताही कमीपणा नाही. टपालाला उत्तर न देणारे नाव तिथे राहिले, तर पाठवणारा वाट पाहत बसतो आणि दोष तसाच राहतो.

विहीरनोंद

ताई, तापमानाची तपासणी आज सुरू केली आणि शेतांतील यंत्रांसाठीही तसा अपडेट तयार करतो आहोत. माळरान यांनी सांगितलेली सूचना कन्सोलवर खरोखरच आली, म्हणजे वीज न तुटण्याचा दोष आय-टू-सी कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये आहे. त्यामुळे पहिला पॅच आमच्या चिपचा न होता त्या कंट्रोलरचा होईल, असे दिसते. उद्योगातील सहकाऱ्यांशी बोलून नाव ‘मेंटेन्ड’ या स्थितीने द्यायचे ठरवले आहे आणि दोन्ही आवृत्त्यांचे बोर्ड चाचणीसाठी बाजूला काढले आहेत. एक शंका उरते. चिपच्या जुन्या आवृत्तीत ओळख-रजिस्टर शून्यच परत देते. अशा वेळी दोन वेगळी ‘कंपॅटिबल’ नावे देणे योग्य ठरेल का?

पूर्णातीर

हो. सॉफ्टवेअरला फरक ओळखता येत नसेल, तर तो डिव्हाइस ट्रीने सांगायचा असतो. दोन नावे द्या आणि वायएएमएलच्या वर्णनात त्याचे कारण एका वाक्यात लिहा, म्हणजे परीक्षण करणाऱ्यांना वेगळे विचारावे लागणार नाही. कंट्रोलरचा पॅच आधी पाठवा. पीएमआयसीच्या पॅचची मालिका त्याच्यावर अवलंबून आहे, हे तिच्या पहिल्या पत्रात नमूद करा.