पहिले पशुवैद्य घडले ते कलेमुळे की बुळकांडीमुळे?

आडवी_रेघ: माझ्या मते पशुवैद्यकाला डॉक्टरकीचा मान मिळवून देण्यात कलेचा मोठा वाटा आहे. क्लोद बूर्जला हा फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या अश्वारोहण अकादमीचा प्रमुख होता. तिथे सरदारांच्या पोरांना घोडेस्वारीबरोबर तलवारबाजी, गणित आणि संगीतही शिकवत. दिदरो या फ्रेंच विचारवंताच्या विश्वकोशात लिहिणाऱ्या याच माणसाने १७६१ मध्ये पशुवैद्यक शाळेची परवानगी मिळवली. त्या शाळेत शिकून गेलेल्या पीटर आबिल्डगार्डने १७७३ मध्ये कोपनहेगनची शाळा काढली. त्याचा सख्खा भाऊ निकोलाय हा डेन्मार्कचा नामवंत चित्रकार!

गोठा_आधी: अजिबात पटलं नाही. फ्रान्सच्या राजाने शाळेसाठी पैसा सोडला तो बुळकांडीच्या साथीने गुरं पटापट मरत होती म्हणून. कलेने उलट दिशाभूल केली. बूर्जलाने घोड्याच्या डोक्याची लांबी हे एकक धरून देखण्या घोड्याची मापं ठरवली. एक्लिप्स हा इंग्लंडचा शर्यतीचा घोडा १८ शर्यतींत एकदाही हरला नव्हता. १७८९ मध्ये तो मेल्यावर सेंटबेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याला मोजलं, तर तो त्या कोष्टकात बसेचना.

आडवी_रेघ: अहो, पण मोजलं म्हणूनच कोष्टक चुकलेलं कळलं ना? आणि इंग्रज चित्रकार स्टब्स बघा. हॉर्कस्टोच्या शेतघरात मेलेले घोडे आकड्यांना टांगून, एकेक थर सोलत त्याने दीड वर्ष चित्रं काढली. त्याचं पुस्तक १७६६ मध्ये आलं. लंडनची पशुवैद्यक शाळा त्यानंतर २५ वर्षांनी!

गोठा_आधी: आणि फ्रागोनार? चित्रकार फ्रागोनारचा हा भाऊबंद पॅरिसजवळच्या आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेत शरीररचना शिकवायचा. कातडी सोललेल्या घोड्यावर सोललेला स्वार बसवला, गर्भ नाचाच्या पवित्र्यात उभे केले. १७७१ मध्ये त्याला काढल्यावर असले नमुने तो अमीर-उमरावांना विकायचा. यात गाईचं काय भलं झालं?

टाके_दोरा: मी गुरांचा डॉक्टर. गाय अडली की हात आत घालून, न बघता, पाय पुढचा की मागचा ते ओळखावं लागतं. खुराकडून वरचे पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकले तर पुढचा, उलटसुलट वाकले तर मागचा. कॉलेजात सांध्यांची चित्रं काढून काढून हे माझ्या बोटांत बसलंय. त्यामुळे मी आडवी_रेघ यांच्या बाजूने.

गोठा_आधी: डॉक्टर, हे मान्य. पण तुमची चित्रं गाईसाठी होती. उमरावांच्या दिवाणखान्यातला तो सोललेला बाजार मी त्यात धरणार नाही.