स्विचचा फॅन फिरतोय तरी फॅन फॉल्ट येतोय, बोर्ड गेला का?

महापेवाला:
मंडळी, महापेच्या ऑफिसात २४ पोर्टचा मॅनेज्ड नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर जोडायचा डबा) आहे, आत ४० एमएमचे दोन फॅन, बाहेर येणारा ट्रे वगैरे नाही, सरळ बोर्डला जोडलेत. सध्या लॉगमध्ये सारखं फॅन २ फॉल्ट येतंय आणि दिवा केशरी. झाकण उघडून बघितलं तर दोन्ही फॅन मस्त फिरतायत! एएमसीवाला (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेला) म्हणतो आख्खा स्विच बदला. वॉरंटी कधीच संपलीय. दोष फॅनचा की बोर्डाचा, कसं ओळखायचं?

घणसोलीकर:
फॅन फिरतोय हे तुला दिसतं रे, स्विचला दिसत नाही. त्याला कळते ती फक्त तिसरी वायर, तिच्यातून फॅन बहुतेक वेळा एका फेरीला दोन पल्स पाठवतो आणि त्यावरून स्विच आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या ते काढतो. बेअरिंग सुकलं की पंखा फिरतो पण ढिला, आरपीएम मर्यादेखाली गेला की फॉल्ट, किंवा पल्स देणारा सेन्सर मेला तर पल्सच येत नाहीत आणि पंखा मात्र भन्नाट फिरत असतो. आधी स्विच बंद कर, केबल काढ, दोन्ही फॅनचे कनेक्टर अदलाबदल करून परत चालू कर. फॉल्ट फॅन १ वर सरकला तर फॅन गेलाय, २ वरच राहिला तर बोर्ड नाहीतर सॉकेट. मल्टीमीटरसुद्धा लागत नाही.

ऐरोलीची_ताई:
चालू स्विचमध्ये हात घालू नका प्लीज, त्यातला पॉवर सप्लाय बऱ्याचदा उघडाच असतो, २३० व्होल्ट, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. अजून एक, झाकण काढून बघितलेलं तापमान धरू नका, हवेचा रस्ताच मोडलेला असतो तेव्हा. आणि आपल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांचा धूर आणि खाडीची दमट हवा, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. ब्लोअर मारणार असाल तर पाती बोटाने धरून, नाहीतर पंखा गरगर फिरून बेअरिंगची वाट.

महापेवाला:
केलं! फॉल्ट फॅन १ वर गेला, म्हणजे बोर्ड वाचला 😀 आता ऑनलाइन एक सायलेंट फॅन दिसतोय, निम्मा आवाज म्हणे, तो टाकू का? का जुन्यालाच तेल सोडू?

वागळे_इस्टेट_हार्डवेअर:
सायलेंटच्या नादाला लागू नकोस भावा. तो शांत असतो कारण हळू फिरतो, मग स्विचला आरपीएम कमी दिसणार आणि परत तोच केशरी दिवा, ग्राहक असं करून आणतात आणि वर म्हणतात नवीन फॅन पण खराब निघाला. जुन्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर टाकून शोध. नाही मिळाला तर व्होल्ट, अँपिअर, जाडी (२० की २८ एमएम) जुळव आणि बॉल बेअरिंगचाच घे, स्लीव्ह बेअरिंगवाला गरम डब्यात लवकर खराब होतो. काही मशीनना पल्स नको असतात, लॉक रोटर सिग्नल लागतो, म्हणजे फॅन चालू की अडकला एवढंच, तिथे साधा टॅको (पल्स पाठवणारा) फॅन लावलास तर फॉल्ट जाणारच नाही. हवेची दिशा जुन्यासारखीच ठेव, बहुतेक फॅनच्या फ्रेमवर बाण असतो. तेलाने चार दिवस ढकलशील फार तर, आणि सेन्सर मेला असेल तर तेवढेही नाहीत.

घणसोलीकर:
आणि जुना फॅन लगेच फेकू नकोस, नव्याच्या वायरींचा क्रम वेगळा निघाला तर जुन्याचाच कनेक्टर कापून नव्याला लावावा लागेल. रंगावर जाऊ नकोस, कुठली वायर कुठल्या पिनला जाते ते कापायच्या आधी फोटो काढून ठेव.